अक्का, तू एकटी नव्हतीस

अक्का, तुला मातीत ठेवल्यावर चिखलीच्या चर्चमधून आलेले एक भाऊ तुझ्याबद्दल बोलले. म्हणाले, मार्थाबाईंना आयुष्यात कधी राग आला नाही. मी पदर तोंडाशी धरून उभी होते. लोकांना वाटलं मी रडते आहे. खरं सांगू? मला हसू आलं होतं. दूध उतू घालवलं म्हणून चुलीपासचा चिमटा माझ्या पाठीत फेकणारी तू. जीपवाल्यानं बसायला जागा दिली नाही म्हणून धाड गावच्या बाजारात त्याच्या बापापर्यंत पोचणारी तू. त्यांनी मलाही दोन शब्द बोलायला सांगितले. मी नको म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं, आणि ज्याला सांगायचं होतं तो माणूस त्या घोळक्यात नव्हता. तो पलीकडच्या बांधावर उभा होता.

आज अठरा दिवस झाले. इथं धाडला माझ्या मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज अर्धा शिवून पडला आहे. त्याला हात लागत नाही. तुझ्याशी बोलल्याशिवाय लागणार नाही असं वाटतं.

आपण दोघी त्या रविवाराबद्दल नीट कधी बोललोच नाही. भांडलो पुष्कळ, बोललो नाही. तुझ्या अंगणातल्या पत्र्याखाली आपण बारा-चौदा जण प्रार्थनेला बसायचो. पावसाळा संपत आला तशी शेजारच्या भास्करची बायको, शोभा, मागच्या कोपऱ्यात येऊन बसू लागली. तिचं डोकं इतकं दुखायचं की भिंतीला धरून चालायची. तू तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचीस आणि ती घरी जाऊन झोपायची. डोकं थांबायचं की नाही ते मला माहीत नाही, पण तिला झोप लागायची. भास्कर दोनदा तुझ्याकडे आला होता. चांगल्या शब्दांत बोलला होता.

"मार्थाबाई, माह्या बायकोले बोलावत जाऊ नका. माय घरात जेवत नाही त्याच्यापायी."

"म्या कुठं बोलावते? तिचे पाय तिले आणतात," तू म्हणालीस.

खोटं काही नव्हतं त्यात. पण तू ते जिंकल्यासारखं म्हणालीस, अक्का. मी तिथंच भाजी निवडत होते. मला तेव्हाही ते खटकलं होतं आणि तेव्हाही मी बोलले नाही.

मग तो तिसऱ्यांदा आला तो काठी घेऊन. गाणं चाललं होतं. आधी ट्यूबलाइट फुटली, काचा म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर पडल्या. मग त्यानं ढोलकीला लाथ मारली. शोभाचा दंड धरून तो तिला ओढू लागला तशी तू मधे गेलीस आणि त्यानं उजव्या हातानं तुला ढकललं. तू ओट्याच्या दगडावर तोंडावर पडलीस. समोरचा दात अर्धा तुटला. रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं आणि कुणीही, आपल्यापैकी एकही माणूस जागचा हलला नाही. तो शोभाला घेऊन गेला. तिच्या पायातली चप्पल आपल्या सतरंजीवरच राहिली.

मी म्हटलं, "चाल, धाडले जाऊ. ठाण्यात तक्रार देऊ."

तू ओठाला ओला फडका लावून बसली होतीस. "पोलिसाले काऊन सांगू? माहा बाप वर बसला हाय."

शहरातून महिन्यात दोनदा येणारे आपले पास्टरसाहेब. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, हे माणसाचं काम नाही, हे सैतानाचं काम आहे, आता युद्धाची प्रार्थना करा, तीन दिवस उपास धरा. पहिल्या दिवशी नऊ जण होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघीच उरलो. दार लावलेलं होतं, आत उकडत होतं. तू गुडघ्यावर होतीस, ओठ अजून सुजलेला, आणि तुझा आवाज मी ओळखला नाही. तू म्हणालीस, "प्रभू, ज्या हातानं त्यानं तुह्या लेकरावर हात टाकला तो हात मोड. उजवा हात मोड त्याचा."

मी आमेन म्हटलं.

तू परत म्हणालीस. मी परत आमेन म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं. आणि मला बरं वाटलं, अक्का. तीन दिवसांच्या रिकाम्या पोटात काहीतरी गरम गेल्यासारखं वाटलं. हे मी तुला कधीच सांगितलं नाही.

अकरा दिवसांनी भास्करच्या सोयाबीनची मळणी होती. थ्रेशरमधे झाडांचा गड्डा अडकला म्हणून त्यानं हात घातला आणि शर्टाची बाही आत ओढली गेली. मशीन बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. आधी बुलडाण्याला नेलं, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात. उजव्या हाताची चार बोटं काढावी लागली. अंगठा तेवढा राहिला.

मला धाडमधे फोन आला तो आपल्यातल्याच एकीचा. "सुमनताई, पाह्यला का प्रभूचा हात?" तिचा आवाज लग्नाची बातमी सांगावी तसा होता. मी मशीन तशीच सोडून काळी-पिवळी जीपमधे बसले आणि तुझ्याकडे आले. वाटेत मी काय विचार करत होते माहीत आहे? तू खूश असशील असा. चहा टाकशील असा.

चूल थंड होती. तू भिंतीला टेकून बसली होतीस, हात मांडीत, जसं कुणी मेलेल्या घरी बसतं.

"म्या मागतलं होतं, सुमे," तू म्हणालीस.

"तू मशीनमधे हात घातला काय त्याचा? थ्रेशरवर दरसाल कोणाचं ना कोणाचं होते."

"व्हय. देवानं केलं असं मीबी म्हणत नाही. देव असा नाही. पण म्या मागतलं तं होतं ना? ते तं खरं हाय ना?"

मी उठून चूल पेटवली.

पुढच्या रविवारी पास्टरसाहेब आले. लोक नेहमीपेक्षा जास्त होते. आपल्यावर हात उचलणाऱ्याचं काय होतं ते ऐकायला आले होते, हे तुलाही कळत होतं. साहेबांनी तुला साक्ष द्यायला उभं केलं. तू उभी राहिलीस, तुटक्या दातावरून जीभ फिरवलीस आणि म्हणालीस, "म्या त्या दिवशी जी प्रार्थना केली तिच्यात प्रभू नव्हता." आणि खाली बसलीस. साहेब आधी गोंधळले, मग समजावू लागले. हे युद्ध आहे, बाई, युद्धात असा जीव पाघळून चालत नाही. तू बसूनच म्हणालीस, "साहेब, युद्ध हाय ते मले मान्य हाय. पण वैरी कोण ते आपण चुकलो. सैतान त्या दिवशी भास्करच्या हातातून आला असंन, पण थांबला नाही तठी. तीन दिवसांनं माह्या तोंडातून आला. अन् तवा मी उपाशी होती, गुडघ्यावर होती."

त्या दिवसानंतर साहेब आपल्याकडे आले नाहीत. फोनवर म्हणाले, मार्थाबाई अशक्त झाल्या आहेत विश्वासात. मला तेव्हा त्यांचंच पटलं होतं, हेही सांगून टाकते.

आणि भास्कर दवाखान्यातून घरी आला तेव्हा तू म्हणालीस की मी त्याला जाऊन सांगणार.

आपलं सगळ्यात मोठं भांडण ते. मी तुला दारातच अडवलं.

"कायले सांगतं? त्याले माहीत बी नाही. तू सांगतलं तं करणी केली म्हणतील, चेटकीण म्हणतील तुले. गावातून काढून देतील."

"म्हणू दे."

"अन् त्यानं तुहा दात पाडला त्याचं काय?"

"ते त्याच्याजवळ. हे माह्याजवळ."

"अक्का, तो वैरी हाय आपला!"

"हाय ना. म्हणून तं जाऊन राह्यली. मित्र असता तं चिठ्ठी धाडली असती." आणि तू हसलीस, त्या तुटक्या दातानं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "पाह्य, वैऱ्यासाठी प्रार्थना करा म्हणून प्रभूनं सांगतलं. म्या त्याच्यावर प्रार्थना केली. मले आता त्याच्यासाठी करायची हाय. अन् जवरोक त्याले माहीत नाही तवरोक मले तोंड नाही."

मी विचारलं, "मीबी येऊ?" कसं विचारलं ते मला आठवतं. नको म्हणावं म्हणून विचारलं. तुलाही ते कळलं.

"नको. तुले धाडमधी चार घरच्या बाया शिवायले कपडे देतात. तू राय इथंच."

मी राहिले नाही. तुझ्यामागून गेले आणि त्यांच्या गोठ्याच्या भिंतीआड उभी राहिले. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती आणि मला तिच्या श्वासापलीकडे तुझा एकेक शब्द ऐकू येत होता. भास्कर अंगणात बाजेवर होता. तू काही आडवळणानं बोलली नाहीस.

"भास्कर, तू मले ढकललं त्याच्यानंतर म्या देवाजवळ तुहं वाईट मागतलं. तुहा उजवा हात मोडावा म्हणून मागतलं. देवानं ते ऐकलं असं मी म्हणत नाही. पण माहं मन तसं झालं होतं. ते तुले सांगायले आली. मले माफ कर."

मग त्याची आई ओरडली. "चेटकीण! म्या म्हटलंच होतं!" काहीतरी भांडं आपटलं. मी भिंतीला नखं रुतवून उभी होते. वाटत होतं आता काठी उठणार. पण भास्करचा आवाज आला तो हळू होता.

"कोण कोण होतं तुह्यासंगं?"

"कोणी नाही."

"खरं सांग."

"मी एकटीच होती."

अक्का, साडेपाच दशकांच्या आयुष्यात तुझ्या तोंडून मी ऐकलेलं एकुलतं एक खोटं ते. ज्या दिवशी तू खरं सांगायला गेलीस त्याच दिवशी. आणि मी भिंतीआडून बाहेर आले नाही. चार पावलं होती. मी मोजली नाहीत, पण चारच असतील. मी उलटी फिरून तुझ्या घरी गेले आणि तू परत आलीस तेव्हा चहा टाकत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीआड होते हे तुला कळलं होतं का? मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. चहा मात्र आपण दोघी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-पंचवीस माणसं तुझ्या दारात आली. मी रात्री राहिले होते म्हणून मला दिसलं. पुढं जे होते त्यातल्या दोघांना ते लहान असताना तू पाटी-पेन्सिल दिलेली. "गाव सोड," म्हणत होते. "आज सोड." एकानं तुझ्या पाण्याच्या टाकीवर दगड मारला, पाणी वाहू लागलं. तू बाहेर येऊन ओट्यावर बसलीस. त्याच दगडावर, जिथं तू पडली होतीस. म्हणालीस, "करणी मले येत नाही. वाईट मागतलं, ते कबूल हाय. ज्याचं वाईट मागतलं त्याले सांगून आली. आता काय करायचं ते करा." मी आत दाराच्या कडीला हात लावून उभी. पोलीस पाटलाला फोन लावायचा तर बोटं चुकत होती.

तेव्हा भास्कर आला. हाताला बोचक्यासारखं बँडेज, गळ्यात पट्टी. लोकांना वाटलं आता हाच पुढं होणार. त्यांनी त्याला वाट करून दिली. तो तुझ्यासमोर येऊन उभा राहिला, तुझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मग लोकांकडे वळून म्हणाला, "तिनं मले सांगतलं. तुम्हाले नाही. तुम्ही काऊन आले बे इथं?"

तो परत म्हणाला, "हात माहा गेला. चला घरी." आणि तो आधी निघाला. लोक एकेक करून मागं सरकले. तू त्याला हाक मारलीस. तो थांबला नाही.

माफ केलं असं म्हणाला नाही तो. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तुझ्या पुढच्या साडेतीन वर्षांत एक शब्द नाही. चक्कीवाल्यानं तुझं दळण घेणं बंद केलं तेव्हाही तो गप्प राहिला. तू बाजाराच्या दिवशी ज्वारीची पिशवी घेऊन जीपनं धाडला यायचीस, माझ्याकडे जेवायचीस, पीठ घेऊन जायचीस. प्रार्थनेला चौघं उरली. आणि रोज सकाळी तू त्याचं नाव घ्यायचीस. त्याचा हात, त्याचं शेत, शोभाचं डोकं, त्याच्या आईचे गुडघे. एकदा मी वैतागून म्हटलं, "मग त्यानं केलं ते बरोबर होतं काय? तो देवदूत होता काय?" तू पीठ चाळत होतीस. म्हणालीस, "बरोबर नव्हतं. अन् तू ठाण्यात चाल म्हणत होती तेच बरोबर होतं. कायद्यानं त्याले विचारलं असतं, तू असं काऊन केलं. ते पाप नव्हतं. म्या ठाण्यात गेली नाही अन् देवालेच शिपाई करून पाठोलं. ते पाप होतं."

मी त्यावर भांडत राहिले. मला वाटायचं तू हरलीस. तू त्याच्यासमोर वाकलीस आणि त्यानं तुला उचललंही नाही, मग यात विश्वासाचा विजय कुठं आहे? तू म्हणायचीस, "मले आता झोप लागते, सुमे." मला ते उत्तर वाटायचं नाही. मला झोप लागत नव्हती, हे तुला कसं सांगणार होते?

तू गेलीस तो दिवस मी सांगत नाही. मिरच्या वाळत घालताना पडलीस आणि मी पोचेपर्यंत उशीर झाला होता, एवढंच. तुला आंघोळ घालायला आम्ही तिघी होतो. दारात चौथी येऊन उभी राहिली. शोभा. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं पदर खोचला, तुझे पाय मांडीवर घेतले आणि टाचांच्या भेगांमधली माती बोटानं काढत बसली. कितीतरी वेळ. तिच्या सासूनं कुडापलीकडून हाक मारली तरी ती उठली नाही. आपल्या शेतातच तुझी जागा खणली. अडवायला कुणी येईल म्हणून आम्ही सगळे रस्त्याकडे पाहत होतो. कुणी आलं नाही. फक्त भास्कर त्याच्या बांधावर उभा होता, शेवटचं ढेकूळ पडेपर्यंत.

काल मी त्याच्याकडे गेले.

मला धीर आला म्हणून गेले असं नाही. मी प्रार्थनेला बसले आणि तुझ्यासारखं त्याचं नाव घ्यायला गेले तर ते तोंडातून निघेना. तेव्हा मला कळलं तू तोंड नाही म्हणाली होतीस ते काय. मी उठले आणि जीप धरली.

तो अंगणात बैलाच्या दाव्याला गाठ मारत होता. डावा हात आणि उजव्याचा अंगठा. मी मदतीला पुढं झाले तसा नको म्हणाला. मी उभ्यानंच सांगितलं.

"भास्करभाऊ, अक्का त्या दिवशी एकटी नव्हती. मी होते. ती मागत होती अन् मी आमेन म्हणत होते. दोनदा म्हटलं."

त्यानं दावं खाली ठेवलं.

"मंग तिनं एकटीच होती काऊन म्हटलं?"

"मले वाचवायले."

"अन् तुम्ही?"

"मी तुमच्या गोठ्याच्या भिंतीआड उभी होते."

त्यानं गोठ्याकडे पाहिलं, जणू मी अजून तिथंच आहे. शोभा दारात आली होती. मला पळून जावंसं वाटत होतं. तो बाजेवर बसला.

"तिले माफ करायले मले तीन वर्षं लागले, सुमनताई. मागच्या पोळ्याले बैल धूत होतो तवा ध्यानात आलं का आता माह्या मनात काही राह्यलं नाही. म्हटलं, सांगू एखाद्या दिवशी. रोज ती दिसे. रोज म्हटलं, उद्या सांगू." त्यानं अंगठ्यानं बाजेची सुतळी ओढली. "तुम्हाले किती लागतील ते मी आज नाही सांगू शकत."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ऐकलंस, अक्का? पोळ्यापासून. म्हणजे तू शेवटचे सहा महिने ज्याची वाट पाहत होतीस ते होऊन गेलेलं होतं. भिंतीच्या पलीकडे होतं.

मी निघायला वळले. तो म्हणाला, "थांबा." मान खालीच होती त्याची. "म्या ढकललं होतं तिले. दात पाडला तिचा. तिनं तं येऊन सांगतलं तिचं. मी माहं कोणाले सांगू आता?"

मला तुझ्यासारखं काही सुचत नाही, तुला माहीत आहे. त्या माणसाबद्दलचा राग माझ्यात पुरता गेला आहे असंही नाही. पण मी ओट्यावर बसले आणि म्हटलं, "मले सांगा."

शोभा आत गेली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली. मग त्यानं घसा साफ केला.

"त्या दिवशी सकाळपासून माय जेवली नव्हती," तो म्हणाला, "अन् मी घरातून निघालो तवा काठी माह्या हातात नव्हती. वाटेत उचलली..."